एका मुलाचे शास्त्र : विशेष शिक्षणातील पदव्युत्तर अध्ययन आणि त्याची संशोधनपद्धती

विशेष शिक्षण ही अध्यापनशास्त्राची स्वतंत्र शाखा म्हणून आपल्या विद्यापीठांत आता स्थिरावली आहे. तिच्यात पदविका आहे, पदवी आहे, पदव्युत्तर पदवी आहे आणि आचार्यपदवीसाठी संशोधन करणाऱ्यांची संख्याही अगदीच अल्प नाही. परंतु पदवीधर विशेष शिक्षकाने आणखी दोन वर्षे विद्यापीठात काढावीत ती नेमकी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत शोधू गेल्यास विषयांची यादी सापडते, प्रयोजन सापडत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रयोजनाचा विचार करावयाचा आहे. आणि तो संशोधनपद्धतीच्या अंगाने करावयाचा आहे, कारण पदव्युत्तर अध्ययनाचे खरे स्वरूप विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

प्रथम या अध्ययनाची कायदेशीर चौकट पाहू. १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा संमत केला. त्यानुसार विशेष शिक्षक हा वैद्य किंवा वकील यांच्याप्रमाणे नोंदणीकृत व्यावसायिक ठरला. केंद्रीय पुनर्वास नोंदपुस्तकात ज्याचे नाव नाही, त्याने अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनाचा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, असे या कायद्याचे तेरावे कलम सांगते. सर्वसामान्य शाळेतील शिक्षकावर असे कोणतेही बंधन नाही. नोंदपुस्तकात नाव येण्यास पदविका किंवा पदवी पुरते. शाळेतील नेमणुकीसही तेवढेच पुरते. पदव्युत्तर पदवीची अट मुख्यतः लागते ती अध्यापक महाविद्यालयात शिकविणाऱ्यांस. म्हणजे रचनाच अशी झाली आहे की, मुलांना शिकविण्याचे ज्ञान वाढावे म्हणून जो पुढे शिकतो तो शिकून झाल्यावर मुलांपासून दूर जातो.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत विशेष शिक्षणातील पदव्युत्तर अध्ययनास केंद्र सरकारचे भरीव साहाय्य प्रथम मिळाले ते १९५८ साली, आणि तेही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षकांना शिकविणारे अध्यापक तयार करण्यासाठी. शिक्षक तुटपुंजे आहेत, ते तयार करावयाचे तर आधी त्यांचे शिक्षक हवेत, असा हा सरळ हिशेब होता. १९६३ साली ही सवलत इतर अक्षमतांच्या क्षेत्रांसही लागू झाली. हिशेब चुकीचा नव्हता. १९७५ साली त्या देशाने सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा लागणारे मनुष्यबळ उभे करण्यास विद्यापीठांतील हेच विभाग उपयोगी पडले.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थी पुढे अध्यापकांचा अध्यापक होतो, याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. तो नव्या शिक्षकांस देणार काय? अक्षमतेच्या व्याख्या, कारणे, लक्षणे, शासकीय योजना ही माहिती पदवीच्या वर्गातही दिली जाते आणि तीच दुसऱ्यांदा शिकून तिचे मोल दुप्पट होत नाही. माझ्या मते त्याने द्यावयाची गोष्ट एकच : एका मुलास एक गोष्ट शिकविली असता ती शिकविण्यामुळेच आली की अन्य कशामुळे, याचा निर्णय पुराव्याने करण्याची रीत. हे ज्यास साधले नाही, त्याने कितीही ग्रंथ वाचले असले तरी तो या शाखेचा पदव्युत्तर अभ्यासक झाला असे म्हणता येणार नाही.

या शाखेचा इतिहास पाहता हे म्हणणे नवे वाटू नये, कारण तिचा जन्मच एका मुलाच्या अभ्यासातून झाला आहे. १८०० साली फ्रान्समध्ये आव्हेरों परगण्यात रानात वाढलेला, न बोलणारा एक मुलगा सापडला. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील तरुण वैद्य झाँ इतार यांनी त्यास शिकविण्याचे मनावर घेतले. मुलाचे नाव व्हिक्टर असे ठेवण्यात आले. १८०१ मध्ये व पुढे पाचसहा वर्षांनी इतार यांनी लिहिलेले दोन वृत्तान्त म्हणजे या शाखेचे आद्य वाङ्मय होय. व्हिक्टरला बोलता आले नाही. त्या दृष्टीने इतार यांचा प्रयत्न फसला. पण कोणता उपाय केला, त्याचा काय परिणाम दिसला, मग उपायात कोणता फेरफार केला, हे त्यांनी इतक्या बारकाईने लिहून ठेवले की त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांस त्यावरून पुढची वाट काढता आली. पुढे डॉ. मारिया माँटेसोरी यांनी इतार व सेगँ या दोघांचे लेखन स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. प्रत्येक शब्दाचा अर्थ तोलता यावा यासाठी त्यांनी हे श्रम घेतले होते. माँटेसोरींची साधने ताराबाई मोडकांच्या द्वारे आपल्या बालवाड्यांत आली, तेव्हा त्या साधनांचे मूळ पॅरिसमधील एका न बोलणाऱ्या मुलाच्या टिपणवहीत आहे, याची जाणीव फार थोड्यांना असेल.

दुसरे उदाहरण याहून परिचित आहे. १८८७ च्या मार्च महिन्यात ॲन सुलिव्हन हेलन केलरच्या घरी दाखल झाली. तेव्हा तिचे वय वीस वर्षांचे होते. पदव्युत्तर शिक्षण सोडाच, अध्यापनाचा कोणताही रीतसर अभ्यासक्रम तिने केलेला नव्हता. परंतु निघण्यापूर्वी काही महिने ती बोस्टनच्या पर्किन्स संस्थेतील जुनी कागदपत्रे वाचीत बसली होती. त्या संस्थेचे डॉ. सॅम्युएल हौ यांनी लॉरा ब्रिजमन या अंध व बधिर मुलीस १८३७ पासून शिकविले होते आणि त्याची हकीकत वार्षिक अहवालांतून नोंदविली होती. सुलिव्हनने त्या नोंदींतून पद्धत उचलली, आणि जेथे ती अपुरी पडली तेथे सोडूनही दिली. हेलनच्या नात्यातील पंधरा महिन्यांच्या एका बाळाचे निरीक्षण करून तिने असा निष्कर्ष काढला की, ऐकणारे मूल जसे घरातील अखंड बोलण्यातून भाषा उचलते, तसेच हेलनच्या हातावर पूर्ण वाक्ये अखंड लिहीत राहिले पाहिजे. ठरावीक वेळेचे ठरावीक शब्दांचे पाठ उपयोगाचे नाहीत. निरीक्षण, अनुमान, प्रयोग व नोंद ही सर्व अंगे येथे आहेत. पाण्याच्या पंपाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण त्या पंपामागे पन्नास वर्षांपूर्वीची एका दुसऱ्या मुलीची नोंदवही होती, हे आपल्या विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावयास हवे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वारे फिरले. १९०५ साली आल्फ्रेड बिने व सिमों यांनी बुद्धिमापनाची श्रेणी सिद्ध केली. तिचा मूळ हेतू साह्याची गरज असलेली मुले ओळखणे हा होता. पण मोजण्याचे साधन हाती येताच मुलांची वर्गवारी हेच मुख्य कार्य होऊन बसले. संशोधनही त्याच वळणावर गेले. अमुक वर्गातील मुले व सर्वसामान्य मुले यांची सरासरी काढावयाची, दोहोंतील फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय आहे की नाही ते पाहावयाचे. आपल्याकडील प्रबंधिकांचा साचा आजही बहुधा हाच असतो. तीसतीस मुलांचे दोन गट, एक पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा कार्यक्रम, एक उत्तरचाचणी आणि शेवटी टी-मूल्य. त्यातही मुलांची जुळवाजुळव अवघड म्हणून पुष्कळ विद्यार्थी मुलांकडे जातच नाहीत. समावेशक शिक्षणाविषयी शिक्षकांचा दृष्टिकोन कसा आहे, याची प्रश्नावली भरून घेतात. अशा प्रबंधिकेत मूल कोठेच नसते.

गटांची तुलना वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. धोरण ठरविताना, एखादा उपक्रम जिल्हाभर राबवावा की नाही याचा निर्णय करताना तिला पर्याय नाही. पण ती ज्या गृहीतावर उभी असते ते गृहीत येथे क्वचितच खरे ठरते. गटातील व्यक्ती ढोबळ मानाने एकमेकींसारख्या असाव्यात, ही तिची पहिली अपेक्षा. आता आठ वर्षे वयाची, श्रवणदोष असलेली दोन मुले घ्या. एकाचा दोष जन्मतः आहे; दुसऱ्याला तिसऱ्या वर्षी मेंदूज्वर होऊन तो आला. एकाला वयाच्या दुसऱ्या वर्षी श्रवणयंत्र मिळाले, दुसऱ्याला सातव्या वर्षी. एकाचे आईवडील स्वतः बधिर असल्याने घरात खुणांची समृद्ध भाषा आहे. दुसऱ्याच्या घरी कोणी खुणा करीत नाही आणि बोललेले त्याला ऐकू येत नाही. श्रवणालेखावरील आकडा दोघांचा एकच असू शकेल. या दोघांच्या गुणांची सरासरी काढल्यास जो आकडा येईल, तो या दोघांपैकी कोणाचाच नसेल, आणि त्यावरून उद्या वर्गात येणाऱ्या तिसऱ्या मुलाविषयी काहीही सांगता येणार नाही. शिवाय बधिरांधत्वासारख्या विरळ अवस्थेत तीस मुलांचा गट जमविणे हे एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम नव्हे.

या अडचणीतून मार्ग काढणारी पद्धत साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झाली आहे. मरे सिडमन यांनी १९६० साली वर्तनाच्या प्रयोगशास्त्रावरील आपल्या ग्रंथात तिची तात्त्विक बैठक मांडली. १९६८ मध्ये बेअर, वुल्फ व रिस्ले यांनी ती व्यवहारातील प्रश्नांस कशी लावावी हे दाखविले. तिला आपण एकव्यक्ती-प्रयोग म्हणू. नावावरून गैरसमज होण्याचा संभव आहे म्हणून सांगतो की, हा एका व्यक्तीचा वृत्तान्त किंवा चरित्र नव्हे. तुलना यात आहेच; पण ती एका मुलाची दुसऱ्या मुलाशी नसते, त्याच मुलाच्या एका अवस्थेची दुसऱ्या अवस्थेशी असते.

तिचे तंत्र असे. ज्या वर्तनात बदल घडवावयाचा ते प्रथम मोजता येईल अशा शब्दांत निश्चित करावयाचे. 'वाचन सुधारणे' हे असे वर्तन नव्हे. 'दहा शब्दांच्या यादीतील अचूक वाचलेले शब्द' हे आहे. मग कोणताही नवा उपाय न करता काही दिवस रोज मोजणी करावयाची. या नोंदींस आधाररेषा म्हणतात. ती स्थिर झाली, निदान आपोआप वर चढत नाही एवढे दिसले, की उपाय सुरू करावयाचा आणि मोजणी तशीच चालू ठेवावयाची. आकडा वर गेला तर उपायाने गुण आला असे वाटेल. पण तो योगायोगही असेल. त्याच आठवड्यात मुलास चष्मा मिळाला असेल, घरी मामा आला असेल. ही शंका फेडण्यास उपाय काही काळ थांबवून वर्तन पूर्वपदावर येते का ते पाहावयाचे व नंतर तो पुन्हा सुरू करावयाचा, ही एक रीत आहे. जागेवरून उठणे, हाताला चावणे अशा वर्तनाच्या बाबतीत ती चालते. मात्र शिकलेली गोष्ट मूल विसरत नाही. वाचावयास आले की उपाय काढून घेतल्यावरही वाचता येतच राहणार. शिवाय स्वतःला इजा करणारे वर्तन थांबले असता ते केवळ सिद्धतेसाठी परत येऊ द्यावे काय, हा नीतीचा प्रश्न आहेच. म्हणून शालेय कौशल्यांसाठी दुसरी रीत अधिक सोयीची पडते. तिला बहुविध आधाररेषेचा अभिकल्प म्हणतात.

मराठी वाचनातीलच एक उदाहरण घेऊन ती स्पष्ट करतो. देवनागरी लिपी उच्चारानुसारी आहे, तेव्हा ती शिकण्यास सोपी, असे आपण अभिमानाने म्हणतो. बहुतांशी ते खरेही आहे. परंतु अक्षरचिन्हांचा डोळ्यांना दिसणारा क्रम व कानांना ऐकू येणारा क्रम सर्वत्र एक नाही. 'दिवा' या शब्दात वेलांटी द-च्या आधी काढली जाते व नंतर उच्चारली जाते. 'अस्थिर' या शब्दात तर ती संपूर्ण जोडाक्षराच्या अलीकडे उभी असते. रफाराचे उलटे आहे : 'पर्वत' या शब्दात र आधी ऐकू येतो, पण तो व-च्या डोक्यावर बसतो. आणि 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' यांतील भेद एका रफाराने होतो, हे आपण व्याकरणाच्या तासाला गंमत म्हणून सांगतो. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला ती गंमत वाटत नसावी. उभ्या जोडाक्षरांचा प्रश्न आणखी निराळा. 'द्ध', 'ट्ट', 'द्व' यांत घटक अक्षरे एकाखाली एक बसून त्यांची मूळ आकृती पुष्कळदा लोप पावते.

समजा, इयत्ता तिसरीतील एक मुलगी सुटी अक्षरे व काना-मात्रा नीट वाचते, पण वरील तिन्ही प्रकारांत अडते. प्रत्येक प्रकाराच्या शब्दांचा एकेक संच तयार करावा. संच पुरेसा मोठा असावा, म्हणजे रोज त्यातून वेगळे दहा शब्द निवडता येतील आणि पाठांतराचा दोष राहणार नाही. पहिले पाच दिवस तिन्ही संचांची फक्त मोजणी करावी. सहाव्या दिवसापासून केवळ ऱ्हस्व वेलांटीचा उपाय सुरू करावा. उदाहरणार्थ, वेलांटी निराळ्या रंगात काढून, आधी व्यंजनावर बोट ठेवून व मग वेलांटीवर नेऊन उच्चार जोडणे. रफार व जोडाक्षरे यांची मोजणी चालू राहील, उपाय मात्र नाही. वेलांटीच्या शब्दांचा आकडा चढून स्थिर झाला की रफाराचा उपाय, आणि तो स्थिर झाला की जोडाक्षरांचा. आता आलेख काढल्यावर असे दिसले की प्रत्येक संचातील आकडा त्या त्या संचाचा उपाय सुरू झाल्यावरच चढला व त्यापूर्वी जागच्या जागी होता, तर तीन निरनिराळ्या वेळी झालेला हा बदल चष्म्याने किंवा मामाने झाला असे म्हणणे कठीण होते. तीन स्वतंत्र वेळी परिणाम दिसणे, ही या पद्धतीत पुराव्याची किमान मर्यादा मानली जाते. प्रत्येक टप्प्यात निदान पाच नोंदी असाव्यात असाही दंडक आहे. तीनवर भागविता येते, पण मग तो पुरावा दुय्यम प्रतीचा ठरतो.

या अभिकल्पाचा एक दुबळेपणा विद्यार्थ्याने आधीच ओळखून ठेवावा. तिन्ही कौशल्ये परस्परांपासून पुरेशी स्वतंत्र असली तरच तो उभा राहतो. वेलांटी शिकताना 'दिसण्याचा क्रम व बोलण्याचा क्रम निराळा असू शकतो' हे तत्त्वच त्या मुलीच्या ध्यानात आले, तर रफाराचा आकडाही उपायाविना चढू लागेल. शिक्षक म्हणून आपण आनंदित होऊ, संशोधक म्हणून अडचणीत येऊ. तरी ती अडचणही फुकट जात नाही. वेलांटी व रफार यांच्या वाचनामागे एकच मानसिक क्रिया आहे आणि जोडाक्षरांमागे दुसरी, असे अनुमान त्यातून निघू शकेल, व ते तपासण्यास तीन वेगवेगळ्या मुलांवर आधाररेषा घेऊन नवा प्रयोग रचता येईल. मराठी वाचनातील अडथळ्यांविषयी असे सूक्ष्म ज्ञान इंग्रजी वाचनावरील ग्रंथांतून कधीही मिळणार नाही, कारण तेथे वेलांटीही नाही व रफारही नाही.

मोजणी करणारा शिक्षक स्वतःच उपाय करीत असतो, म्हणून त्याच्या कानावर भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक टप्प्यातील निदान एक-पंचमांश नोंदी दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे घ्याव्यात आणि दोघांची एकवाक्यता शेकडा ऐंशीहून कमी नसावी. आलेखाचे वाचन हीही एक शिस्त आहे. पातळी किती बदलली, रेषेचा कल कोणीकडे आहे, नोंदींत चढउतार किती आहे, उपाय सुरू होताच फरक दिसला की आठवड्याने, उपायापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी किती प्रमाणात एकमेकींत मिसळतात, हे सारे पाहून निर्णय करावा लागतो. एक आकडा काढून टाकला की झाले, अशी सोय येथे नाही; आणि कदाचित म्हणूनच ही पद्धत परीक्षकांस रुचत नाही.

परीक्षकांचा खरा आक्षेप मात्र असा असतो की, एका मुलावरून सर्वांविषयी काय सिद्ध होणार? आक्षेप रास्त आहे आणि त्यास उत्तरही आहे. एका प्रयोगाने त्या एका मुलापुरतेच सिद्ध होते. सामान्य नियम निघतो तो पुनरावर्तनातून. एखादा उपाय पुराव्याने सिद्ध झाला असे म्हणण्यास निदान पाच अभ्यास, ते निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन वेगवेगळ्या संशोधकगटांनी केलेले, आणि सर्व मिळून निदान वीस मुले, असा संकेत अमेरिकेत २०१० च्या सुमारास ठरविण्यात आला. आता आपल्या परिस्थितीचा विचार करा. एका विभागातील दहा विद्यार्थ्यांनी दहा असंबद्ध विषय निवडण्याऐवजी एकच उपाय प्रत्येकी दोन मुलांवर काटेकोरपणे तपासला, आणि दुसऱ्या दोन विद्यापीठांनी तेच केले, तर दोनतीन वर्षांत मराठी मुलांविषयीचे एक खात्रीचे विधान हाती येईल. प्रबंधिकेने 'नवीन' विषय मांडलाच पाहिजे, हा आपला आग्रह येथे आड येतो. पुनरावर्तन म्हणजे नक्कल, असे आपण समजतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास असे कोणी म्हणत नाही.

या चर्चेस निकड आली आहे ती बाहेरच्या घडामोडींमुळे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अक्षमतेचे प्रकार सातांवरून एकवीस केले. विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांस त्यात स्पष्ट स्थान मिळाले. महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांस परीक्षेत सवलती देण्यास १९९६ सालीच प्रारंभ केला होता, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. मात्र सवलत देणे व वाचावयास शिकविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि पहिली मिळाली की दुसरीकडे दुर्लक्ष होते, असा अनुभव अनेक शिक्षक सांगतात. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सामान्य शाळांत विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करण्याविषयी निर्णय दिला. त्यानंतर २०२२ मध्ये शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्ती होऊन पहिली ते पाचवीसाठी अशा दहा मुलांमागे एक व सहावी ते आठवीसाठी पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरले.

प्रमाण ठरले म्हणजे शिक्षक मिळाले असे होत नाही. विशेषतः ग्रामीण भागात कंत्राटी नेमणुकीवर अनेक शाळांचा फेरा करणारा फिरता शिक्षक हेच चित्र दीर्घकाळ राहिले आहे. त्यास एक मूल आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा भेटते. वर सांगितलेली रोजची मोजणी त्याने कशी करावी? त्याने ती वर्गशिक्षकाकडून करवून घ्यावी. दहा शब्द ऐकून खुणा करण्यास दोन मिनिटे लागतात. साठ मुलांच्या वर्गातही ती निघू शकतात, पण ती काढावीशी वाटण्यासाठी वर्गशिक्षकास त्या आलेखात काय दिसते ते कळले पाहिजे. दुसऱ्या शिक्षकास ते कळेल अशा भाषेत सांगणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या शिक्षणाचे अंग आहे, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत त्यास तासभरही दिलेला नसतो.

आणखी एका मुद्द्याचा उल्लेख करणे प्राप्त आहे. आपला पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम अक्षमतेच्या प्रकारानुसार विभागलेला आहे : श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता इत्यादी. सामान्य शाळेत नेमलेल्या शिक्षकापुढे मात्र यांपैकी कोणतेही मूल येते. म्हणून ही विभागणी रद्द करावी असे काहीजण सुचवितात. मला ते मान्य नाही. ब्रेल किंवा भारतीय सांकेतिक भाषा यांत प्रावीण्य येण्यास वर्षे लागतात. सर्वांचे थोडेथोडे शिकलेला शिक्षक बधिर मुलाशी चार वाक्येही बोलू शकणार नाही. २०१६ च्या कायद्याचे सतरावे कलमही सांकेतिक भाषा व ब्रेल येणाऱ्या शिक्षकांच्या नेमणुकीची, अपंग शिक्षकांसुद्धा, अपेक्षा करते. विशेषज्ञता हवीच. सर्व शाखांस समान असावी ती चौकशीची रीत. आधाररेषा दृष्टिहीन मुलाचीही तशीच काढावयाची असते.

दृष्टिहीन मुलांच्या बाबतीत तर वर दिलेल्या उदाहरणाचीच दुसरी बाजू अभ्यासावयास मिळेल. भारती ब्रेलमध्ये स्वरचिन्ह व्यंजनानंतर स्वतंत्र घरात येते आणि स्वर व त्याचे चिन्ह यांस एकच ठिपके असतात. म्हणजे डोळस मुलास अडविणारी वेलांटी तेथे बोटाला उच्चाराच्या क्रमानेच लागते. उलट व्यंजनाचा पाय मोडल्याची खूण त्या व्यंजनाच्या आधी येते, तेव्हा जोडाक्षर येणार आहे याची सूचना बोटाला अक्षरापूर्वीच मिळते. रफाराचा तर प्रश्नच उरत नाही. तो कोणत्याही पाय मोडलेल्या र-सारखाच असतो. तेव्हा एकाच इयत्तेतील, एकच पाठ्यपुस्तक वाचणारी एक डोळस व एक दृष्टिहीन अशी दोन मुले घेऊन, वर सांगितलेले तीन शब्दसंच दोघांस वाचावयास दिल्यास चुका कोठे एकसारख्या पडतात व कोठे वेगळ्या, हे दोन महिन्यांच्या नोंदींतून दिसू शकेल. वेलांटीच्या शब्दांत फक्त डोळस मूल अडत असेल तर दोष चिन्हांच्या मांडणीचा. दोघेही अडत असतील तर ऱ्हस्व स्वर कानाने वेगळा ओळखण्यातच उणीव आहे, आणि मग रंगीत वेलांटीचा उपाय सोडून ध्वनींच्या खेळांपासून आरंभ करावा लागेल. या कामास एक सत्र पुरेल. शब्दसंच मात्र आधी तयार करावे लागतील, आणि ते पाठ्यपुस्तकांतील शब्दांच्या वारंवारतेवरून निवडावेत. 'ऋत्विज' व 'दिवा' हे एका यादीत घालू नयेत.